रिकाम्या पाटावरचा खेळाडू

माणूस समोर असला तर त्याचं तोंड पाहून पत्ते खेळता येतात गा. समोर कोणीच नसलं तर काय पाहायचं, सांगा!

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी महाल भागातल्या आमच्या घरी तीन पत्ती रंगायची. पैशाऐवजी चिंचोके. शेवटच्या डावात हरणाऱ्यानं सगळ्यांले तर्री-पोहे खाऊ घालायचे. त्या वर्षी ऐन रंगात आमच्या धाकट्या भावाले, गुणवंताले, हिंगण्याच्या कारखान्यातून बोलावणं आलं, बदलीचा माणूस आला नव्हता. तो चपला घालून राहिला अन् मी ओरडलो, "डाव मोडून काहून चालला गा?"

"मोडू नको. माझी पानं वाटत राह्य," म्हणे, अन् गेला.

मग नियम मीच काढला. त्याची पानं तो बसला होता त्या पाटासमोर पालथी ठेवायची, अन् त्याच्या ढिगातला एक चिंचोका दर पाळीले टाकायचा. झालं! तो रिकामा पाट जिंकतच सुटला. पालथ्या पानांचा अंदाज लागेना, अन् एकेक गडी पानं फेकून बाद झाला. शेवटच्या डावाले उरलो मी अन् तो पाट.

माझ्या हातात दोन राण्या, तरी जीव थाऱ्यावर नाही. पाणी प्यालो. पानं पाहिली. पुन्हा पाणी प्यालो.

"टाका न चिंचोका!" बायको म्हणे. "कोणाले भिऊन राहिले?"

मी पानं फेकली.

तिनं पाटासमोरची पानं उलटली. दुर्री, चौकी, सत्ती. एकाचा एकाशी मेळ नाही.

पोहे भिजवायले उठता उठता म्हणे, "उठून तो गेला, अन् पळाले तुमी!"