पाडव्याचा घास

माजा जलम अक्कोळचा. निपाणीच्या शेजारीच हाय बगा, सकाळी निघालं तर ऊन तापायच्या आत पोचतंय मानूस. आमचा बा दुसऱ्याच्या रानात तंबाकू लावायचा, मी परकरात असल्यापास्नं त्या पानांतच वाढल्याली, म्हंजे मला दुसरं काय येतच न्हाय बाई. लगीन झालं ते हितं निपाणीत, मालक वखारीत हमाल, मंग मी बी वखारीतच गेले, तंबाकू बडवायची, चाळायची, काडी येगळी करायची, सुगी लागली की दिवा लागंस्तोवर तेच. पयल्यांदा शिंकून शिंकून जीव जायाचा, डोळं सुजायचं, भाकरी खाली जायाची न्हाय, आन मंग एक दिवस शिंका बंद हुत्यात, आपल्याला वाटतंय सुटलो. कसलं सुटतोय.

मला लेक एकच राहिली, हौसा. बाकीची देवानं नेली, त्येचं काय सांगू तुम्हाला, ते लिवू नगासा. हौसा दिली सौंदलग्याला, घर चांगलं, रान हाय, म्हसरं हायती, सासू तोंडानं जरा फटकळ पन मनानं बरी. हौसाची थोरली पोरगी ती इंदू. चार-पाच वरसाची झालती, गोरीपान, नाकात मोरनी, पन आईच्या कुशीबाहीर एक रात म्हनून कदी निजल्याली न्हाय. मी दर वरसाला सासूच्या मागं लागायची, धाडा की वो पोरगीला पाडव्याला, तर ती म्हनायची, ल्हान हाय, रडंल, फुडल्या वरसाला बगू.

आमच्याकडं हाय तसं बाई, नातीचा एक तरी पाडवा आजोळात व्हायाला पायजे. आदल्या सांजंला यायचं, आजीजवळ निजायचं, सकाळी आजीनं तेल लावून न्हाऊ घालायचं, नवं परकर-पोलकं घालायचं, गुढीम्होरं बसवायचं, आन आजीनं आपल्या हातानं कडुलिंबाचा घास भरवायचा. लिंबाचा पाला, गूळ, हिंग, ओवा, समदं वाटून. त्यो गिळला की मंग पुरनपोळीचा घास, मंग गळ्यात साखरंची माळ. आईनं भरवलेला चालत न्हाय, आजीच पायजे. माज्या आईच्या आईनं मला भरवल्याला, मला आटवतंय अजून.

तर त्या वरसाला सासू हो म्हनली. लढाईचं दिस हुतं ते, साखर मिळायची न्हाय, माळ कुटनं आनायची म्हनून आमचं मालक साऱ्या पेठंत फिरलं, एका दुकानदाराच्या हातापाया पडून ल्हानशी माळ आनली, आन सौंदलग्याला जाऊन पोरगीला खांद्यावर बसवून आनली. काय ऐट तिची! आमच्या गल्लीत आल्यावर म्हनती, आजोबा मला खाली सोडा, मी चालत जानार, मी मोठी झालीया. निजताना आईची आटवन काढली, मी म्हनलं, आई उद्या दुपारी येनार हाय जेवायला, तवर आज्जी हाय की. मंग माज्या पोटावर हात टाकून निजली. मला वाटलं देवानं समदं दिलं.

आता ह्ये ऐका. पाडव्याला वखारीला सुटी, पन वखारवाल्या शेटांचा मुहूर्त असायचा, नवं वरीस म्हनून घटकाभर चाळनी मारायला बायकांनी जायाचंच. न्हाय गेलं तर मुकादम वरीसभर टोचून बोलनार. म्हनून पोरगीला न्हाऊ घालून, आजोबाजवळ बसवून मी पळत गेले, आन पळतच आले, कारन माजं समदं ध्यान घरात. आल्या आल्या हातावर तांब्याभर पानी घेतलं आन बसले पोरगीला भरवायला. राख लावून घासलं न्हाय, लुगडं बदललं न्हाय. घाई, दुसरं काय. पोरगी कवाधरनं उपाशी बसल्याली.

लिंबाचा घास दिला, ती म्हनली, आज्जी कडू हाय. मी म्हनलं, व्हय गं बाय, कडूच असतंय, लिंब हाय त्यो, गीळ. मालक हसलं. मंग पोळीचा घास दिला, तर म्हनती, पोळी बी कडू हाय. आमी दोघं बी हसलो बगा. मी म्हनलं, तोंडात लिंब राहिलाय तुज्या, खा, पोटात गेला की ग्वाड लागंल. ती आपली गुनाची पोरगी, आज्जी म्हनती म्हनून डोळं मिटून गिळत राहिली, मी भरवत राहिले, तोंड पुसलं ते बी पदरानं. पोळी संपत आली आन तिच्या तोंडाला लाळ सुटली, अंग गार पडलं, कपाळावर घाम, आन भडाभडा वकली. मान टाकली पोरगीनं. मी म्हनलं दिष्ट लागली, मीठ-मिरच्या उतरून टाका.

त्याच वक्ताला हौसा दारात आली. पोरगीला बगितली, ताटातली उरल्याली पोळी उचलून जिभंला लावली आन थुकली. म्हनली, आये, वखारीत गेलतीस? मी म्हनलं, व्हय, मुहूर्ताला. मंग तिनं पोरगीच्या तोंडात बोट घालून समदं काडलं, पानी पाजलं, वकवलं, परत पानी पाजलं, मांडीवर घेऊन बसली. दिवस कलला तवा पोरगीनं डोळं उघडलं आन म्हनली, आई, घरला चल.

मी हौसाला म्हनलं, तुला कसं गं लगीच उमगलं? आमाला दोघास्नी कळलं न्हाय. ती पोरगीचं केस सारखं करत हुती, वर न बगता म्हनली, ह्या तंबाकूच्या चवीवरच वाढले की मी, आये. मला वाटायचं समद्यांच्याच आईच्या हातचं असं लागतंय. सासरी गेले तवा कळलं, भात ग्वाड असतोय.

बाई, ही हौसा ल्हान हुती तवा जेवायला लई रडायची. भाकरी दिली की त्वांड फिरवायची. मी वखारीतनं दमून यायची, म्हनायची लई नखरं हायती कार्टीला, आन पाठीत धपाटं घालून घास कोंबायची. रोज. पोर उपाशी निजाय नगो म्हनून मारायची मी, आईच्या मायेनं मारायची. इंदूचं एक दिसाचं दुखनं, ती बरी बी झाली. पन हौसाचं समदं ल्हानपन गेलं तसं, आन ती कदी बोलली बी न्हाय मला. ते आत टोचतंय. वखार सुटली न्हाय, कशी सुटनार, पोट हाय. राखंनं घासते, लिंबूनं घासते, चिंचंनं घासते.

इंदू परत आमच्यात निजाय आली न्हाय. दिसा येती, पाया पडती, सांजंला जाती. मी डोक्यावर नुसता हात धरते, लावत न्हाय.

औंदाच्या पाडव्याला हौसा एकलीच आली. मी ताट वाढलं आन लांब सरून बसले, तर ती म्हनली, आये, भरीव की मला. मी न्हाय म्हनलं. ती तोंड उघडून बसूनच राहिली, एवढी घोड्याएवढी बाई. मंग मी हात धुतलं, परत धुतलं, परत धुतलं आन एक घास दिला. तिनं चावला, गिळला, आन म्हनली, ग्वाड हाय.

खरं बोलली का माजं मन राखलं, मला कळायला मार्ग न्हाय. मागनं मी माजी बोटं चाटून बगितली. माज्या जिभंला कडू लागतच न्हाय बाई. सुखी ऱ्हाऊ दे तिला.