डावा स्पीकर

नवरा : हा नको. खेळण्यातला वाटतोय. त्याच्या पलीकडचा काढा. तो नाही हो, काळा!

दुकानदार : काढतो, साहेब. तुम्ही बसा ना जरा.

नवरा : बसायला नाही आलो. आवाज नीट मोजणारा मीटर हवाय. माझ्या होम थिएटरचा डावा स्पीकर मेला आहे आणि घरात कुणाचा विश्वास नाही.

बायको : मी कुठे काय म्हटलं?

नवरा : तू बोलत नाहीस, तोच तर त्रास आहे. मेकॅनिक येतो, मोबाइल समोर धरतो, दोन्ही सारखे म्हणतो, चहा पिऊन जातो!

दुकानदार : मोबाइलचा माइक बोलण्यापुरता असतो. खर्जात, खालच्या घुमणाऱ्या आवाजात, फसतो.

नवरा : ऐकलंस? आयुष्यभर टेलिफोनच्या लाइनी तपासल्या मी. कान तयार आहेत माझे.

बायको : हो. म्हणून सोफा खिडकीपाशी गेला, मग भिंतीपाशी, आणि आता दारात आलाय. आत-बाहेर करताना वळसा घालावा लागतो.

दुकानदार : हा काळा घ्या. ए आणि सी, दोन्ही सेटिंग आहेत. थिएटरला ‘सी’वर ठेवायचं. ‘ए’वर खर्ज कमी दाखवतो. बसल्यावर कान जिथे येतो तिथे मीटर धरायचा आणि एकेक स्पीकर वाजवायचा.

नवरा : इथे वाजवून दाखवा. लगेच.

दुकानदार : या, ह्या दोन स्पीकरच्या मधोमध उभे राहा. हा उजवा.

(स्पीकरमधून एकसुरी खरखर.)

दुकानदार : पंचाहत्तर डेसिबल. आता डावा.

नवरा : बघा! पडला आवाज!

दुकानदार : पंचाहत्तरच आहे, साहेब. तुम्हीच वाचा.

नवरा : मीटर बिघडलाय. दुसरा आणा.

दुकानदार : हा घ्या, महागातला. उजवा पंचाहत्तर... डावा पंचाहत्तर.

नवरा : मग तुमचा स्पीकरही माझ्यासारखाच सदोष आहे. म्हणजे, माझ्या स्पीकरसारखा. वायरी बदला. इकडची तिकडे.

दुकानदार : बदलल्या. वाजवू?

नवरा : वाजवा... अजून डावाच कमी. असं कसं?

बायको : अहो, जरा पाठ फिरवून उभे राहता?

नवरा : कशाला?

बायको : माझ्यासाठी.

नवरा : काहीतरीच तुझं. हं, फिरलो. वाजवा. हा ठीक आहे. आता दुसरा.

दुकानदार : वाजतोय, साहेब.

नवरा : वाजतोय? हा... हा तर मघाशी चांगला होता.

बायको : हो.

नवरा : परत वाजवा.

दुकानदार : वाजतोच आहे. बंद केलेलाच नाही.

नवरा : थांबवा. पुरे झालं. थांबवा म्हणतो ना!

दुकानदार : मी पाणी आणतो.

नवरा : तुला ठाऊक होतं.

बायको : संशय होता. फोन तुम्ही नेहमी उजव्याच कानाला लावता. रस्त्यात कुणी डाव्या बाजूनं हाक मारली की भलतीकडेच बघता.

नवरा : मग सांगायचं ना! त्या मेकॅनिकला मी काय काय बोललो!

बायको : दोनदा सांगितलं. तुमच्या डाव्या बाजूला बसले होते.

नवरा : हसू नकोस.

बायको : हसत नाहीये. मला भीती वाटते हो. म्हणून तर आज इथवर आले. म्हटलं, यंत्राचं तरी ऐकाल.

नवरा : मेकॅनिक गेला की मी डाव्या स्पीकरचा आवाज किती चढवून ठेवायचो गं! लेक उठून आत जायची. मला वाटायचं, तिला माझ्याबरोबर सिनेमा बघायचा कंटाळा येतो.

बायको : तिचं डोकं दुखायचं.

नवरा : बोलली का नाही ती?

बायको : तुम्ही एवढे खुशीत असायचात.

दुकानदार : पाणी घ्या, साहेब. मीटर राहू दे का मग?

नवरा : नाही, तो काळा बांधून द्या. दोन्ही बाजू पंचाहत्तरवर आणतो. मला कसंही ऐकू येवो.

बायको : आणि कान?

नवरा : कानाचा डॉक्टर कुठे बसतो?

बायको : चौकाच्या पुढे. मी विचारून ठेवलंय. उद्या जाऊ या?

नवरा : उद्या नको, आत्ताच. अगं, तिकडून नको, या बाजूनं चल. आणि बोलत राहा.