फाट्यावरचा फ्लेक्स

आमच्या आणे गावच्या संतूभाऊनं कांद्याची पात कापायचं मशीन बनवलं. त्याच्या पेटंटसाठी आमी दोघं पुण्याला वकीलबाईंकडं गेलो.

बाई म्हणाल्या, "हे कुणालाही सहज सुचेल असं नको, आणि आधी लोकांपुढं आलेलं नको."

"सुचतंय कुणाला, मॅडम. गाव मला येडा म्हणत व्हतं."

"आणि कुणी पाहिलंय?"

संतूभाऊनं ऐटीत मोबाईल पुढं केला. फाट्यावरचा फ्लेक्स. त्यावर उघड्या मशीनचा फोटो, कुठला भाग काय करतो ते बाण काढून लिहिलेलं.

"लई लोक थांबून बघत्यात."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "मग आता हे नवीन राहिलं नाही."

कधी एकदा तो फ्लेक्स उतरवतो असं मला झालेलं. फाट्यावर पोचलो, तर मित्रमंडळानं शेजारी दुसरा लावलेला: 'पेटंट मिळाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.'