निर्माता अनोळखी

मंडळी, जरा सरकून घ्या, मागे उभ्या आहेत त्यांनाही बसू दे. बसलात? मग आधी एक प्रश्न. आपल्या माणसाची ओळख जगाला कोणी सांगायची? त्याची त्यानंच, की ज्याला ती माहीत आहे त्यानं? आणि ज्याला माहीत आहे तोच गप्प बसला तर?

उत्तर लगेच देऊ नका. आधी द्वारकाकाकूंची गोष्ट ऐका.

कृष्णाकाठच्या एका गावात द्वारकाकाकू खांबेटे राहतात. पहाटे स्नान, तुळशीला पाणी, देवापुढे एक पद म्हणायचं आणि मगच चहा, असा त्यांचा नेम. यजमान पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले आणि या वयात संगणक शिकले. कशासाठी? काकूंना तंबोरा लावता येत नसे, म्हणून! काकूंच्या पट्टीत तंबोरा वाजेल, असा एक छोटा प्रोग्रॅम त्यांनी स्वतः बनवला. काकू शेजारी बसून गात आणि ते ऐकून सूर वर-खाली करत. पहाटे काका तो सुरू करायचे, काकू गायच्या, आणि काकांचं बोट गुडघ्यावर ताल धरायचं.

आता या काकूंची एक रीत. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही. हसू नका, तुमच्यातही आहेत अशा! लग्नात उखाण्यात घेतलं असेल तेवढंच. रेशनच्या रांगेत कोणी नाव विचारलं, की शेजारणीला पुढे करायच्या, ‘तू सांग गं.’ त्यात काकांचं नाव पडलं देवाचं. म्हणून काकू त्या देवालाही ‘मोरगावचा बाप्पा’ एवढंच म्हणायच्या.

पुढे काकांची आठवण विझत गेली. आधी चष्मा हरवे, मग वार हरवला, मग घर. आणि एका सकाळी त्यांनी काकूंना विचारलं, ‘आपण कोण?’

काकूंनी काय उत्तर दिलं असेल? मी नाही सांगणार. ज्यांच्या घरी हे आहे, त्यांना ठाऊक आहे.

पण पहाटेचा तंबोरा वाजला, की काका अजूनही येऊन शेजारी बसत, बोट गुडघ्यावर चाले. दिवसभरात तेवढाच वेळ ते काकूंचे असत. बाकीचा वेळ फाटकाकडे नजर.

आणि तो संगणकच बंद पडला. नागपूरच्या लेकीनं नवा लॅपटॉप पाठवला. संगणकाच्या दुकानातले चोपडे आले, जुन्याच्या डिस्कमधलं सगळं काकूंच्या डोळ्यांदेखत नव्यात घालून गेले.

दुसऱ्या दिवशी पहाटे काकूंनी दिवा लावला, काकांना हाताला धरून आणलं, आणि प्रोग्रॅमवर टिचकी मारली. तंबोरा नाही! समोर ही एवढी पाटी – ‘या प्रोग्रॅमचा निर्माता अनोळखी आहे. चालवल्यास आपल्या संगणकाला धोका होऊ शकतो.’ खाली मोठं बटण, ‘चालवू नका’.

काकूंनी काय केलं? शहाण्या बाईनं करावं तेच. ‘चालवू नका’ दाबलं. आणि योग्यच केलं हो! परवा देवस्थानच्या ग्रुपवर आलं होतं, ‘इथे दाबा, प्रसाद घरपोच.’ कोणी कोणी दाबलं? खाली बघू नका, मला सगळं कळलंय.

पण इकडे सूर नाही म्हटल्यावर काका उठले. फाटकाशी गेले. काकू मागोमाग धावल्या, तर त्यांच्याकडे वळून अगदी अदबीनं म्हणाले, “बाई, मला जरा घरी सोडता का? आमची बायको वाट बघत असेल. तिची गाण्याची वेळ झाली.”

मंडळी, समोर ती उभी आहे. आणि तो तिच्याकडे जाण्यासाठी तिलाच रस्ता विचारतोय. विरह म्हणजे दूर देशी गेलेला माणूस, असं आपण समजतो. हा विरह बघा, हात धरलेला!

काकूंनी फाटकाला कडी घातली आणि दुकान उघडताच चोपड्यांना फोन लावला. पाटी वाचून दाखवली. त्यांनी विचारलं, प्रोग्रॅम बनवलाय कोणी? काकू म्हणाल्या, घरच्यांनीच. घरच्यांनी म्हणजे कोणी, नाव काय? काकू म्हणाल्या, नाव... आहे की नाव. शेजारीण काही तिथे नव्हती! चोपडे बिचारे काळजी करणारेच. म्हणाले, “काकू, ज्याचं नाव सांगता येत नाही, ते घरात ठेवू नये. उडवून टाका. लोकांचे बँकेतले पैसे गेलेत अशानं.”

उडवायचं कसं तेही त्यांनी सांगितलं. काकूंनी फोन खाली ठेवला, बाण प्रोग्रॅमच्या चित्रावर नेला आणि सांगितल्याप्रमाणे दाबलं. पडद्यानं पुन्हा विचारलं, ‘नक्की काढून टाकायचं?’

काकूंचं बोट थांबलं. बाहेर काका फाटकाची कडी चाचपत होते. काकूंच्या मनात आलं, हे स्वतःला विसरले. लेक लांब. यंत्राला बिचाऱ्याला काय ठाऊक? यांना ओळखणारी मी एक राहिले, आणि मीच तोंड मिटून बसले, तर हे अनोळखीच ठरणार ना?

त्यांनी ‘नाही’ दाबलं. पुन्हा फोन लावला. आणि घरभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “लिहून घ्या. मोरेश्वर त्र्यंबक खांबेटे. माझे यजमान. माझ्या शेजारी बसून, माझ्यासाठी केलाय त्यांनी.”

मग चोपडे हळू आवाजात म्हणाले, “मग गोष्ट वेगळी, काकू. पाटी खोटं बोलत नाही, ती एवढंच म्हणते, की मी याला ओळखत नाही. ओळख तुम्ही द्यायची. तुमच्याच डिस्कवरचं आहे, बाहेरून आलेलं नाही. तरी एकदा व्हायरस तपासून घेऊ.” ते सांगत गेले तसं काकूंनी तपासलं, काही सापडलं नाही. मग त्यांनी पाटीवरची बारीक अक्षरं वाचायला लावली – ‘अधिक माहिती’. ते दाबल्यावर आत होतं, ‘तरीही चालवा’. काकूंनी दाबलं.

तंबोरा घुमला.

नाव ऐकून की सुरानं, देव जाणे, पण काका फाटकाकडून परतले. सतरंजीवर बसले. काकूंनी पद सुरू केलं, तर वरचा सूर लागेना. फुटला. त्या थांबल्या, डोळ्यांना पदर लावला.

तेव्हा काका म्हणाले, “बाईंचा आवाज आज बसलाय.” आणि पुढे वाकून, कोणी न सांगता, त्यांनी एक कळ दाबली. तंबोरा अर्धा सूर खाली आला. बरोब्बर काकूंच्या गळ्याला झेपेल तिथे.

“म्हणा आता,” म्हणाले.

काकूंनी विचारलं, “मला ओळखलंत?”

काकांनी मान हलवली. नाही. पण बोट गुडघ्यावर चालू झालं होतं. काकू गायल्या.

आता माझ्याकडे बघा, मंडळी. पाटी आली तर वाचा. घाईनं ‘हो’ म्हणू नका, भीतीनं ‘नाही’ म्हणू नका. कुठून आलं, कोणी केलं, ते आधी बघा. पण जिथे तुम्हाला स्वतःला ठाऊक आहे, तिथे गप्प बसू नका. आज घरी गेल्यावर आपल्या माणसाला नावानं हाक मारा. दचकेल. दचकू दे.

आणि हात जोडलेच आहेत, तर एवढं मागा – देवा, उद्या मी तुझं नाव विसरेन, माझंही विसरेन. पण माझं बोट तेवढं तुझ्या सुरावर राहू दे.