बाबांचा निरोगी माणसाचा पार्ट

हप्ता कमी म्हणून आरोग्य विमा बदलतोस? मग आमच्या बाबांचं ऐकूनच जा.

वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट, आम्ही सिंदेवाहीला होतो. बाबा झाडीपट्टीच्या नाटकांत काम करायचे. दुसऱ्या कंपनीचा विमा स्वस्त पडत होता, पण आधीचा काही आजार नसला तरच. आणि बाबांना शुगर.

त्यांनी आईला बजावलं, "शुगरचं नाव काढू नोको. आजवर इतके राजे केले, एक निरोगी माणूस नाई जमणार मले?"

एजंट आला. "भाऊ, काही आजार?"

"साधी सर्दीबी नाई!" आवाज असा, की शेवटच्या रांगेत ऐकू जावा.

आई चहा घेऊन आली. बाबांना कप देताना सवयीनं म्हणाली, "हा बिनसाखरेचा तुमचा, धरा."

एजंटनं फॉर्म मिटला. "भाऊ, पार्ट झकास केला. पण बाईनं पडदा पाडला!"

सगळ्यात जास्त हसले ते बाबाच. जुना विमा तसाच चालू राहिला.

आता बाबा नाहीत. आई अजूनही साखर टाकायच्या आधी एक कप चहा बाजूला काढते. तो मी पितो. मला शुगर नाही, पण तो कप आता काढू नको, हे तिला कोण सांगणार?