साहेबांचा एकच शब्द

…हं, पुन्हा तेच. पेझंट. पाणी हवं तरी पेझंट, उशी सरकवायची तरी पेझंट, नाकावर माशी बसली तरी पेझंट — राहू द्या, साहेब, ओठ ताणून काही होत नाही, हे घ्या पाणी, चमच्यानंच, सावकाश, ठसका लागेल. अर्धांगाच्या झटक्यानंतर होतं असं कधीकधी. सगळे शब्द जातात आणि एखादाच मागं राहतो, कुणाचा देवाचा, कुणाची शिवी, माझ्याकडे एक बाई होत्या त्यांना नुसतं ‘मंगळवार’ एवढंच यायचं. तुमचा हा राहिला. घरात कुणाला कळेना हा कसला शब्द — सूनबाईंना वाटलं तुमचा कुणी जुना मित्र असेल, बिचाऱ्या फोनची वही काढून शोधत बसल्या. मला कळला. पहिल्याच दिवशी, दारातच. मी चपला काढत होते आणि आतून तुमचा आवाज आला, तर मी तशीच एका पायावर उभी राहिले.

चला, सराव. आरशात बघा. ओठांचा गोल, आतून वारा सोडायचा — हो. पुन्हा. हो. छान. तीन आठवड्यांत एवढं म्हणजे पुष्कळ झालं, विचारा कुणालाही. परवा चहा देऊ का म्हटल्यावर तुम्ही ‘हो’ म्हणालात तर सूनबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, मग काय, खिडकी लावू का, हो, टीव्ही लावू का, हो, सगळं घर येऊन विचारून गेलं. नाहीतर मान हलवायचात तुम्ही, पण ती मान होकाराची का नकाराची ते तुमचं तुम्हालाच कळत नव्हतं. मीच सांगितलं सगळ्यांना, मानेवर जाऊ नका, तोंडातून येईल तेच खरं धरा. त्यांना पटलं. शिकलेल्या बाईचं पटतं लोकांना.

अर्थ आठवतो का हो त्या शब्दाचा? नुसता जिभेवर आहे का डोक्यातही आहे? मी सांगते. इंग्रजीतला जुना शब्द आहे, आता तिकडेही कुणाच्या तोंडावर म्हणत नाहीत, म्हटलं तर भांडण होईल. दुसऱ्याच्या जमिनीत राबणारा गरीब माणूस. आणि त्याच्याखाली, बारीक अक्षरात — गावंढळ, अडाणी. मी अकरा वर्षांची असताना शाळेच्या शब्दकोशात पाहिला. का पाहिला? कारण माझ्या वडिलांनी शाळेच्या कचेरीत, धंदा काय, असं विचारल्यावर छाती पुढं काढून सांगितलं होतं, पेझंट. कारकून हसला, शेजारच्याला बोलावून परत म्हणायला लावलं, आणि वडिलांनी परत म्हटलं. तेही हसले. त्यांना वाटलं, आनंद झाला लोकांना.

तुमच्याच शेतावर होते ते. गोठ्यामागची खोली, पत्र्याची, दहा बाय दहा. चारा कापायच्या यंत्रात चार बोटं गेली तो माणूस — आठवला ना? डोळे मोठे झाले तुमचे. झाकू नका आता. ऐकलेलं सगळं कळतं तुम्हाला, मी तपासून घेतलंय, म्हणून तर बोलतेय. त्या दिवशी तुमच्याकडे पाहुणे होते, गोरीगोमटी माणसं, व्हरांड्यात बसलेली. वडील हाताला फडकं गुंडाळून पायरीशी उभे, शहरात दवाखान्यात न्यायला तुमची गाडी मागायला आले होते. मी त्यांचं धोतर धरून मागं. पाहुण्यांतल्या बाईनं विचारलं, फार दुखत असेल ना त्याला? आणि तुम्ही इंग्रजीत काहीतरी बोलून हसलात, त्यातला तो एक शब्द आम्हाला दोघांनाही ऐकू आला. बाकीचं मला पुढं इंग्रजी आल्यावर जुळलं. तुम्ही म्हणाला होतात, पेझंट आहे तो, यांना आपल्यासारखं दुखत नाही.

गाडी नाही मिळाली. बैलगाडीतून नेलं. वाटेत वडील मला म्हणतात, साहेबांनी पाहुण्यांना माझी ओळख करून दिली, काहीतरी मोठं म्हणाले. त्यांना ते पद वाटलं, मुकादम असतो ना, तसं. महिन्यानं तुम्ही खोली रिकामी करायला लावलीत, थोटा माणूस काय कामाचा म्हणून, तरी त्यांचं तेच. माझ्या सासरच्यांना पहिल्या भेटीत हेच सांगितलं त्यांनी, मी साहेबांचा पेझंट होतो. मी चुलीशी उभी होते, जमीन दुभंगावी असं झालं मला. पण अर्थ नाही सांगितला कधी. जाईपर्यंत नाही सांगितला. त्यांच्याकडे तेवढं एकच मोठं होतं, ते मी कशी काढून घेऊ?

नाही, नाही, रडायचं नाही, नाक भरलं की सराव होत नाही. पुसते, थांबा. तुम्हाला वाटत असेल ही योगायोगानं आली. छे. दवाखान्यात तुमचा कागद बोलायला शिकवणाऱ्या दुसऱ्या बाईंकडे गेला होता, मी मागून घेतला. म्हटलं, मी जाते, मला तो रस्ता माहीत आहे.

आज चार वाजता जमीन घेणारे येणार ना, कागद घेऊन? तुमच्या धाकट्या चिरंजीवांनी सांगितलं मला, सगळी जमीन जाणार, विहिरीपर्यंतची. तुम्ही आयुष्यभर म्हणत आलात, ही जमीन विकायची तर माझ्या प्रेतावरून. घरात सगळ्यांना ठाऊक आहे ते, पण आता तुम्हाला विचारतील, बाबा, मर्जी आहे ना? आणि तुम्ही काय म्हणणार? तीन आठवडे काय घोटून घेतलंय आपण? धाकटे मला म्हणाले होते, बाई, शक्य झालं तर ‘हो’ आणि ‘नको’ दोन्ही शिकवा, म्हणजे त्यांच्या मनाविरुद्ध काही व्हायला नको. वाईट नाही हो तुमचा मुलगा. मी म्हटलं, दोन्ही एकदम घेतले तर गोंधळ होतो, आधी एक पक्का करू. असा काही नियम नाही, साहेब. ‘नको’ सोपा असतो उलट. मी शिकवलाच नाही.

तुमच्या अंगठ्याखाली साक्षीदार म्हणून सही माझीच असणार आहे — यांना समजतं, हे स्वतःच्या मुखानं होकार देतात. खोटं काय आहे त्यात? तुम्हाला शहरातल्या घरात खोली काढून ठेवलीय. मी बघून आले. दहा बाय दहा आहे.

न… न काय? जीभ टाळूला लावता येते वाटतं, वा, मी न सांगता. पण पुढं जात नाही ना? जाणार नाही. त्याला सराव लागतो, आठ-दहा दिवस. नका माझा पदर ओढू, साहेब, डाव्या हाताला अंगठ्यापुरता जोर राहू द्या. मलाही वाटलं होतं काल, शिकवून टाकावा, सुटून जावं. रात्रभर — जाऊ दे. मग सकाळी आले तर तुम्ही मला बघून म्हणालात, पेझंट. पाणी मागत होतात, ठाऊक आहे मला. तरी.

गाडी आली बघा फाटकात. सरळ बसा, केस नीट करते. आजचा सराव झाला आपला. ‘नको’ उद्या घेऊ.