मॅडम मीटिंगमध्ये आहेत

दातांच्या दवाखान्यात नंबर लावून बसलेल्या ड्रायव्हरची दाढ ठणकत होती. पण शेजारी सासू-सुनेची जुंपली आणि त्याचे कान तिकडेच लागले.

“आई, मी आत नाही जात. शाळेच्या दप्तरांच्या ऑर्डरचा फोन यायचाय.”

“येऊ दे की. मी उचलते.”

“नको! मागच्या वेळी मी बाळाला आंघोळ घालत होते, आणि तुम्ही सांगितलंत, मॅडम मीटिंगमध्ये आहेत.”

“मग? गिऱ्हाईक थांबलंच ना? तू पहिल्या रिंगलाच धावतेस, म्हणून लोक भाव पाडतात.”

“दोन शिलाई मशिनं आणि एक सासू, एवढाच आपला कारखाना. थाट केवढा!”

“सासू धरलीस ना त्यात? मग झालं. गाल बघ, भोपळा झालाय. ऊठ!”

“बाळ रडत असेल हो घरी.”

“बापाजवळ आहे ना? त्यालाही कळू दे मीटिंग कशी असते.”

नर्सने हाक मारली. सून फोन सासूकडे देऊन आत गेली आणि तो वाजलाच. सासूने तो थोडा वाजू दिला, चष्मा सारखा केला.

“नमस्कार. मॅडम मीटिंगमध्ये आहेत. मी? मी ऑफिस बघते. दप्तरं होतील की, भावाचं मॅडमच बोलतील.”

आत दाढ कोरायचं यंत्र घरघरू लागलं. ड्रायव्हरने डोळे घट्ट मिटले.

“हा आवाज होय? मशिनं चालू आहेत आमची.”

आतून किंकाळी आली.

“त्या मॅडमच. वाकडी शिवण त्यांना मुळीच खपत नाही.”